कडू तांदूळ : निंदणाऱ्या बायांचा सिनेमा

(जिल्हा बैठकीतील दुपारच्या सत्रातले भाषण)



सकाळच्या सत्रात कापसाच्या भावाचे आणि पीकविम्याचे बोलून झाले. आता थोडा वेळ एका सिनेमावर बोलायचे आहे. रात्री जेवणानंतर तो याच मांडवात दाखवणार आहोत. सिनेमा इटलीचा, बोली इटालियन, चित्र काळे-पांढरे आणि खाली येणारी अक्षरे इंग्रजी. म्हणून गोष्ट आधीच सांगून टाकतो. शेवट कळला की मजा जाते असे ज्यांना वाटते त्यांनी तेवढा वेळ चहाला जाऊन यावे.

सिनेमाचे नाव 'रीझो आमारो', म्हणजे कडू तांदूळ. इटालियनमध्ये 'रीझो' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, तांदूळ आणि हसू. तेव्हा नाव कडू तांदूळही आणि कडू हसूही. १९४८ साली तो चित्रित झाला, १९४९ साली लोकांसमोर आला. दिग्दर्शक ज्युसेप्पे दे सांतिस. महायुद्ध संपून तीन-चार वर्षे झाली होती, देश मोडून पडला होता. त्या काळात तिथल्या काही दिग्दर्शकांनी स्टुडिओतले पुठ्ठ्याचे महाल सोडले आणि कॅमेरा रस्त्यावर, खेड्यात, खऱ्या माणसांत नेला. त्याला नववास्तववाद म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. त्याच घराण्यातला 'बायसिकल थीव्हज' हा सिनेमा १९५२ साली मुंबईला पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. तो पाहून बिमल रॉय यांनी १९५३ साली 'दो बिघा जमीन' काढला. बलराज साहनीचा तो रिक्षा ओढणारा शेतकरी इथल्या पिकल्या केसांच्या मंडळींना आठवत असेल.

'कडू तांदूळ'मध्ये चोर आहेत, पिस्तूल आहे, नाच आहे. पण हे सगळे ज्या जागेवर घडते ती जागा म्हणजे निंदणाचे शेत. बाया रांगेने वाकल्या आहेत आणि गवत उपटत आहेत. निंदणाच्या कामावर उभा राहिलेला असा दुसरा सिनेमा आमच्या पाहण्यात नाही. सुरुवातीलाच रेडिओवाला पडद्यावर येऊन सांगतो की इथे कित्येक शतके भात पिकतो, जसा चीनमध्ये आणि हिंदुस्थानात पिकतो. तेव्हा आपले नाव पहिल्या मिनिटालाच निघते.

आधी जमीन समजून घेऊ, कारण जमीन कळल्याशिवाय गोष्ट कळणार नाही. इटलीच्या उत्तरेला पो नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात व्हेर्चेल्ली, नोव्हारा, पाव्हिया हे भाताचे मुलूख. आल्प्स डोंगरातले बर्फ वितळते आणि ते पाणी नदी-कालव्यांनी शेतात येते. मोठा कालवा कावूर या मुत्सद्द्याच्या नावाचा आहे. इटली एक करणारा हा पंतप्रधान स्वतः व्हेर्चेल्लीजवळ लेरी गावी भाताची शेती करत असे. १८६१ साली तो वारला आणि कालवा १८६३ ते १८६६ या काळात खोदला गेला, लांबी ऐंशी किलोमीटरहून जास्त. तीन वर्षांत! आपल्याकडच्या प्रकल्पांची वर्षे इथे मोजत बसलो तर रात्रीचा सिनेमा उद्यावर जाईल.

आपण कोरडवाहूवाले. पाणी म्हणजे पिकाने पिण्याची वस्तू एवढेच आपल्याला ठाऊक. तिथे पाण्याला आणखी एक काम आहे, पांघरुणाचे. वसंतात तिथल्या रात्री गार असतात. बांधीत उभे केलेले पाणी दिवसा ऊन पिते आणि रात्री रोपाला ऊब देते. पाणी काढून टाकले तर रोप गारठते, फार भरले तर बुडते. म्हणून पाटाच्या फळीवर हात ठेवणारा माणूस तिथे फार जपून निवडतात. ही फळी लक्षात ठेवा, पुढे गोष्टीत ती येणार आहे.

पण पाणी उभे राहिले की पाणगवतही उभे राहते. त्यातले सर्वांत वाईट गवत कोवळेपणी हुबेहूब भाताच्या रोपासारखे दिसते. ज्वारीतला बरू आठवा. धांड्यावर येईपर्यंत भल्या-भल्यांना फसवतो, तसेच हे. डवरा, कोळपे काही उपयोगाचे नाही, चिखलपाण्यात ते चालणार कसे? डोळ्यांनी ओळखायचे आणि बोटांनी मुळासकट ओढायचे. पिकाचे नुकसान होते ते पहिल्या काही आठवड्यांत, त्यामुळे हे काम लांबवता येत नाही. मे महिन्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, साधारण चाळीस दिवसांत, लाखो एकरांवर माणसाची बोटे फिरली पाहिजेत.

ही बोटे बायांची होती. त्यांना 'मोंदिना' म्हणत, म्हणजे साफ करणारी, आपल्या भाषेत निंदणारी. एमिलियातून, व्हेनेतोतून, लोंबार्दीतून आगगाड्या भरभरून त्या येत. त्यांत शेतमजूर होत्या, शिंपिणी होत्या, गिरणीतल्या होत्या. गुडघाभर पाण्यात अनवाणी उभे राहायचे, कंबरेतून वाकायचे, डोक्यावर गवताची मोठी टोपी, पायाला जळवा आणि अंगाला डास. हिवतापाचा मुलूख होता तो. मजुरी काही रोख आणि कामाच्या प्रत्येक दिवसाला एक किलो तांदूळ. चाळीस दिवस भरले तर चाळीस किलो.

या बाया गरीब होत्या, पण मुक्या नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेर्चेल्लीत मोदेस्तो कुन्योलियो नावाचा एक वकील होता. १८६० च्या दशकातला एक विसरलेला सरकारी नियम त्याने शोधून काढला. हिवतापाच्या भीतीने केलेला तो नियम सांगत होता की भाताच्या शेतात सूर्य उगवल्यावर तासाभराने काम सुरू करायचे आणि मावळण्याआधी तासभर थांबवायचे. नियम कागदावर होता, पाळत कोणीच नव्हते. वकिलाने मालकांना कोर्टात खेचले, बायांनी संप केले, आणि १९०६ च्या जूनमध्ये व्हेर्चेल्लीच्या भागात आठ तासांचा दिवस मिळवला. कितीतरी कारखान्यांतल्या कामगारांना तो तेव्हा मिळालेला नव्हता. कपाटातले जुने परिपत्रकही कधीकधी हत्यार होते, हे आपल्या तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे.

आता गोष्ट. तुरीनचे रेल्वे स्टेशन. निंदणाऱ्या बायांची गाडी सुटायची आहे. वॉल्टर नावाचा चोर आणि त्याची जोडीदारीण फ्रांचेस्का एक चोरलेला हार घेऊन पळत आहेत आणि पोलीस मागावर आहेत. फ्रांचेस्का बायांच्या गर्दीत घुसते. गाडीत तिला सिल्व्हाना भेटते. ही तरुण मोंदिना, हातात प्रेमकथांची चित्रमासिके, सोबत ग्रामोफोन, तोंडात अमेरिकन च्युइंगम. हे काम केले सिल्व्हाना मांगानोने. तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची होती. या एका सिनेमाने ती जगभर ओळखली गेली.

फ्रांचेस्काकडे कामाचा करार नाही. तशा पुष्कळ बाया गाडीत आहेत. आपल्याकडे ऊसतोडीला टोळी नेणारा मुकादम असतो तसा तिथेही एक माणूस आहे. तो या बिनकराराच्या बायांना म्हणतो, चला तर खऱ्या, कामाला लावतो. शेतावर पोचल्यावर कळते की मालकाला करारवाल्या बायांपुरतेच काम द्यायचे आहे. मग या बायांना सांगितले जाते की हात दाखवा, करारवाल्यांपेक्षा भराभर काम करा, म्हणजे ठेवून घेतील.

भावांनो, या दहा मिनिटांसाठी आम्ही हा सिनेमा इथे आणला. दोन रांगा आहेत. एक करारवाल्यांची, एक बिनकरारवाल्यांची. बिनकरारवाल्या पोटासाठी जीव तोडून पुढे निघतात. कामावर बोलायला बंदी आहे. कोणाला काही सांगायचे असेल तर गाण्यातून सांगायचे, अशी तिथली रीत. करारवाल्या गाण्यातून त्यांना टोचू लागतात. सिल्व्हाना आग लावते. शेवटी दोन्ही रांगा एकमेकींच्या अंगावर धावतात, केस धरतात, चिखलात लोळवतात. नुकतीच निंदलेली रोपे पायाखाली जातात. आणि या बायांनी कोणाशी भांडायला हवे होते, ती माणसे बांधावर कोरड्या पायांनी उभी आहेत.

भांडण सोडवतो मार्को नावाचा एक सार्जंट. तो आणि शहाण्या बाया मिळून समजूत घालतात की सगळ्यांनी मिळून सगळ्यांसाठी करार मागा. त्या मागतात आणि तो मिळतो. सिनेमात हे फार पटकन होते. प्रत्यक्षात असे काम व्हायला किती बैठका लागतात, किती रात्री जातात, ते आपल्याला माहीत आहे. दिग्दर्शकाला चोराच्या गोष्टीकडे परत जायची घाई होती, त्याला माफ करू.

दुसरा प्रसंग पावसाचा. पाऊस लागतो, काम बंद, म्हणजे मजुरी बंद आणि किलोभर तांदूळही बंद. आपल्याकडे पाऊस आला की आनंद. तिथे बाया कोठीत बसून आभाळाकडे पाहतात आणि गेलेले दिवस मोजतात. शेवटी त्या म्हणतात, भिजू पण काम करू. भर पावसात शेतात उतरतात. त्यांत एक गरोदर आहे, तिने कोणाला कळू दिलेले नाही, कळले तर काम जाईल. तिथेच चिखलात ती कोसळते, तिचा गर्भ जातो. बाकीच्या तिच्याभोवती गोळा होतात आणि तिचे ओरडणे झाकण्यासाठी मोठ्याने गाऊ लागतात. हा प्रसंग बायाबापड्यांनी पाहावा की नाही यावर काल आमच्यातच वाद झाला. ठरले असे की पाहावा. ज्यांनी भोगले आहे त्यांच्यापासून लपवायचे काय? सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत कापूस वेचणाऱ्या इथे बसल्या आहेत.

आता चोरीकडे. वॉल्टर फ्रांचेस्काला शोधत शेतावर येतो. तोवर कळलेले असते की तो हार खोटा आहे, काचेचा. मग त्याची नजर गोदामातल्या तांदळावर जाते. इथे एक गोष्ट शेतीवाला म्हणून सांगायला हवी. काही लोक लिहितात की तो बायांनी पिकवलेले पीक चोरतो. तसे नाही. निंदणाच्या वेळी नवे पीक गुडघाभर असते, कापणी शरदात. गोदामात आहे तो मागच्या सालचा माल. पण त्यातूनच या बायांचे चाळीस किलो मापून द्यायचे आहेत. म्हणजे चोर मालकाच्या मालाबरोबर त्यांची मजुरीही नेणार आहे.

सिल्व्हाना या वॉल्टरवर भाळते. तिला अमेरिकेला जायचे आहे. ती मार्कोला म्हणते, तिथे सगळे विजेवर चालते. तो म्हणतो, हो, माणूस मारायची खुर्चीसुद्धा. वॉल्टर तिच्यावर जबरदस्ती करतो, आणि तोच तिला तो खोटा हार देतो, खरा म्हणून. हंगामाच्या शेवटच्या रात्री जलसा आहे, सगळ्या बाया नाचगाण्यात आहेत, सिल्व्हानाला 'मोंदिनांची राणी' म्हणून मुकुट घालायचा आहे. चोरांच्या लॉऱ्या गोदामाशी लागणार आहेत. लोकांचे लक्ष दुसरीकडे जावे म्हणून सिल्व्हाना काय करते? पाटाच्या फळ्या उघडते. पाणी सुटते, चाळीस दिवस वाकून निंदलेले शेत बुडू लागते आणि बाया जलसा सोडून रोपे वाचवायला धावतात. रोपे त्यांची नाहीत, शेत त्यांचे नाही, मजुरी कामाच्या दिवसांवर ठरलेली आहे. तरी त्या धावतात. ज्याने स्वतःच्या हाताने रोप वाढवले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे खाटीकखान्यात, टांगलेल्या मांसाच्या आकड्यांमध्ये गोळीबार होतो. फ्रांचेस्का सिल्व्हानाला सांगते की हार काचेचा आहे. सिल्व्हाना वॉल्टरला गोळी घालते, आणि जिथे तिला मुकुट घातला त्याच लाकडी मनोऱ्यावर चढून खाली उडी घेते. दुसऱ्या दिवशी बाया घरी निघतात. तिचे प्रेत झाकून ठेवले आहे. जाता जाता एकेक जण आपल्या पिशवीतला मूठभर तांदूळ तिच्यावर टाकते.

सिनेमावर टीका पुष्कळ झाली. दे सांतिस स्वतः साम्यवादी होता, पण त्याच्याच पक्षाच्या लोकांनी त्याला धारेवर धरले, की कष्टकरी बाईच्या गोष्टीत मांड्या दाखवण्याची आणि नाच घालण्याची गरज काय, आणि मजूर बाई अशी हरून मरते का? चर्चवाल्यांनी वेगळ्या कारणाने नाके मुरडली. सिनेमाची जाहिरात जगभर झाली ती मांगानोच्या आखूड चड्डीवरच, हे खरे आहे. आमचे मत असे की टीका बरोबर आहे आणि तरी सिनेमा पाहण्यासारखा आहे. नुसत्या कराराची गोष्ट असती तर ती तुरीनच्या बाहेर गेली नसती, आणि आज या मांडवात आलीही नसती.

शिवाय सिनेमापेक्षा खरे जग नरम होते असे समजू नका. हा सिनेमा लोकांसमोर आला त्याच वर्षी इटलीत शेतमजुरांचा मोठा संप झाला. १७ मे १९४९ रोजी बोलोन्या जिल्ह्यात मोलिनेल्लाजवळ आंदोलन करणाऱ्या मजुरांवर सशस्त्र पोलिसाने गोळी झाडली. मारिया मार्गोत्ती नावाची मजूर बाई त्यात ठार झाली. ती विधवा होती, मागे दोन मुली राहिल्या.

मग या मोंदिनांचे झाले काय? त्या संपल्या. महायुद्धानंतर रासायनिक तणनाशके येऊ लागली. १९६० च्या दशकात प्रोपॅनिल आले. भाताच्या पानात या औषधाचा नाश करणारा पाचक रस असतो, गवतात तो पुरेसा नसतो. म्हणून फवारा दोघांवर बसला तरी भात जगतो आणि गवत मरते. त्याच सुमाराला शहरांत कारखाने वाढले, बायांना तिकडे काम मिळू लागले. वीस-पंचवीस वर्षांत त्या गाड्या बंद झाल्या. आज युरोपीय संघातला जवळजवळ निम्मा भात एकट्या इटलीत पिकतो आणि शेतात रांग दिसत नाही. ज्या बाईचे कंबरडे मोडले ती या कामासाठी रडली असेल असे आम्हाला वाटत नाही. पण गवतानेही हार मानली नाही. ज्या गवताने भाताचे रूप चोरले होते, त्याच्या काही वाणांनी पुढे भाताची ती पचवण्याची युक्तीही उचलली, आणि औषध लागू पडेना. इटलीच्या भातशेतीत आज तणनाशकांना दाद न देणारी गवते हा रोजचा प्रश्न आहे.

हे आपल्या दाराशी आलेलेच आहे. तणनाशक सहन करणारे कापसाचे बियाणे परवानगी नसताना आपल्या शिवारात किती पेरले जाते ते सगळ्यांना माहीत आहे. २०१९ साली अकोला जिल्ह्यात ते उघडपणे पेरून सत्याग्रहही झाला. त्या वादाचा निकाल आम्ही इथे लावत नाही. एवढेच विचारतो, की वाद करणाऱ्या दोन्ही बाजूंनी निंदणाऱ्या बाईला विचारले का?

गाण्याचेही सांगायला हवे. 'बेल्ला चाओ' हे गाणे मोंदिनांचे म्हणून जगभर गातात. अभ्यासक म्हणतात की मोंदिनांचे शब्द नंतरचे, १९५१ च्या सुमाराचे. ते असो. दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले होते तेव्हा, २०२० च्या डिसेंबरात, त्याच चालीवर 'वापस जाओ' हे गाणे निघाले आणि गावोगाव मोबाईलवर वाजले.

आता सिनेमात जे नाही त्याबद्दल. तीन-चार वेळा पाहिला तरी त्यात तांदळाचा भाव कुठे ऐकू येत नाही. गोदाम दिसते, पोती दिसतात, लॉऱ्या दिसतात. पोत्याला काय मिळते हे कोणी बोलत नाही. तिथले मालक शेकडो हेक्टरांचे होते, तरी भावाचा मार त्यांनाही बसत होता. त्यासाठीच तर १९३१ साली तिथल्या सरकारने राष्ट्रीय भात मंडळ काढले, ते आजही आहे. मजुरी शेवटी निघते त्या भावातूनच. पाच एकर कोरडवाहूवाल्याला हे सांगायला नको. निंदणाच्या दिवसांत आपण बांधावर उभे राहणारे मालक असतो आणि विकायच्या दिवशी व्यापाऱ्यासमोर बिनकराराचे मजूर असतो.

पण त्या बायांकडे एक गोष्ट होती जी आपल्या घरातल्या बाईकडे नाही. त्यांचा दिवस मोजला जात होता. एक दिवस, एक किलो. पाऊस पडला तर किती किलो बुडाले हे त्या बोटांवर सांगत होत्या. आपल्या घरच्या बाईने कपाशीच्या दोन-तीन पाळ्या निंदल्या, ज्वारी खुरपली, वेचणी केली, तर किती दिवस झाले हे आपल्यापैकी कोण सांगेल? बाहेरच्या मजूर बाईचा रोज आपण वहीत लिहितो. कृषी मूल्य आयोगाच्या हिशेबात घरच्या मजुरीचा रकाना आहे. पण आपल्याच वहीत तो कोरा असेल, तर भाव मागताना आपण कोणत्या तोंडाने म्हणणार की उत्पादन खर्च इतका आला?

तेव्हा काम असे. पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्यातून निदान दहा शेतांची वही यावी. एकरी निंदणाला किती बाया लागल्या, किती दिवस, रोजाने की गुत्त्याने, दर काय, टोळी कोणी आणली, त्याने मध्ये किती घेतले, मजुरी कोणत्या दिवशी चुकती झाली. तणनाशक मारले असेल तर कोणते, किती आणि त्यानंतर पुन्हा निंदावे लागले का. घरच्या बाईचे दिवस वेगळ्या रकान्यात लिहायचे, आणि ते आकडे तिने स्वतः सांगायचे. ती लिहू शकत असेल तर तो रकाना तिच्याच अक्षरात असावा. कोरे तक्ते मांडवाच्या दाराशी ठेवले आहेत. जेवणाला जाताना घेऊन जा.